संग्राह्य मोटारसायकलची खरेदी व अस्सलता पडताळणी

संग्राह्य मोटारसायकलची अस्सलता पडताळणी म्हणजे उत्पादन बंद झालेली व संग्राहकांकडून मागणी असलेली जुनी दुचाकी खरेदी करण्यापूर्वी तिची सांगाडा-चौकट (चासी), इंजिन, सुटे भाग आणि नोंदणीची कागदपत्रे परस्परांशी व कारखान्यातील मूळ स्वरूपाशी जुळतात का, याची केलेली तपासणी होय. महाराष्ट्रात यामाहा आरएक्स १००, राजदूत ३५०, जावा, येझदी, जुनी बुलेट आणि लूना या दुचाकींच्या व्यवहारांत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. वाहनाची चमक हा अस्सलतेचा पुरावा नसतो. धातूवरील क्रमांक, कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष बसवलेले भाग या तिन्हींचा मेळ बसला, तरच वाहन अस्सल मानले जाते. मेळ न बसल्यास खरेदीदाराचे पैसे जाण्याबरोबरच वाहन जप्त होण्याचा आणि फौजदारी चौकशीला सामोरे जाण्याचा धोका असतो.

या लेखात मोपेडचाही समावेश दुचाकींमध्ये केला आहे.

## संज्ञा

जुन्या वाहनांच्या व्यवहारात ‘ओरिजिनल’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे पुढील अवस्थांमध्ये फरक करणे आवश्यक ठरते.

* अस्पर्शित – मूळ रंग, मूळ इंजिन आणि बहुतांश मूळ भाग असलेले वाहन. झीज, फिकट रंग व किरकोळ गंज यांमुळे त्याचे मूल्य कमी होत नाही.
* क्रमांक जुळणारे – चासी व इंजिन यांवरील दोन्ही क्रमांक नोंदणी पुस्तिकेतील (आरसी बुक) क्रमांकांशी जुळणारे वाहन. रंग व काही भाग नंतरचे असू शकतात.
* पुनर्स्थापित – सुटे करून, दुरुस्त करून व रंगवून मूळ स्वरूपात आणलेले वाहन.
* जुळवलेले – दोन किंवा अधिक गाड्यांचे भाग एकत्र करून तयार केलेले वाहन. हे उघडपणे सांगितल्यास त्यात लबाडी नसते, परंतु अस्सल म्हणून विकल्यास ती फसवणूक ठरते.
* प्रतिकृती – एका प्रतिरूपाच्या (मॉडेलच्या) गाडीला दुसऱ्या, अधिक किमतीच्या प्रतिरूपाचे रूप दिलेले वाहन.

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे असावे लागते. याच महासंघाच्या ट्युरिन सनदेत पुनर्स्थापनेपेक्षा जतनाला अग्रक्रम दिला आहे.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा जुन्या दुचाकींशी असलेला संबंध प्रामुख्याने दोन कारणांनी आहे. पहिले कारण म्हणजे दुचाकी उत्पादन. ह. कु. फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या काइनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ साली ‘लूना’ ही ५० घनसेंमी क्षमतेची मोपेड बाजारात आणली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर आधारित असलेली ही गाडी अहमदनगर येथील कारखान्यात तयार होत असे. सायकल व स्कूटर यांच्या दरम्यानची किंमत, हलके वजन आणि गियर नसलेली सोपी रचना यांमुळे लूना शिक्षक, शेतकरी, दूधवाले, टपाल कर्मचारी व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यात लोकप्रिय झाली. पुढे याच कंपनीने दक्षिण कोरियातील ह्योसंग कंपनीच्या सहकार्याने ‘कॉमेट’ व ‘अक्विला’ या २५० घनसेंमी क्षमतेच्या, व्ही-ट्विन इंजिन असलेल्या मोटारसायकलीही भारतात आणल्या. २००८ साली काइनेटिक समूहाचा दुचाकी व्यवसाय महिंद्र अँड महिंद्रकडे गेला. त्यानंतर जुन्या गाड्यांच्या मूळ सुट्या भागांची उपलब्धता हा संग्राहकांपुढील प्रमुख प्रश्न बनला.

दुसरे कारण म्हणजे लष्करी छावणी. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय, यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल केंद्र आणि वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई) या संस्था येथे आहेत. चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली येथे सुरू झाले. सेवेतून बाद केलेली लष्करी वाहने लिलावाने विकली जातात आणि अशा बुलेट मोटारसायकलींना संग्राहकांची मागणी असते. ‘मिलिटरी डिस्पोजल’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीचे कागद म्हणूनच स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

जिल्ह्यात वाहन नोंदणीचे दोन संकेतांक प्रचलित आहेत : अहिल्यानगर कार्यालयाचा एमएच-१६ आणि श्रीरामपूर कार्यालयाचा एमएच-१७. राज्य संकेतांक व कार्यालय क्रमांक असलेली ही पद्धत मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू झाल्यानंतरची आहे. त्यामुळे १९७० च्या दशकातील लूनावर किंवा जावावर मुळात एमएच-१६ मालिकेचा क्रमांक दिला गेलेला असणे शक्य नाही. असा क्रमांक आढळल्यास गाडी नंतर नोंदली गेली का, कोणत्या कारणाने, आणि कागदावरील उत्पादन वर्ष धातूवरील क्रमांकाशी सुसंगत आहे का, हे पाहावे लागते.

## क्रमांकांची तपासणी

### स्थान व स्वरूप

बहुतेक मोटारसायकलींवर चासी क्रमांक हँडलच्या दांड्याभोवतीच्या नळीवर (स्टेअरिंग हेड) आणि इंजिन क्रमांक क्रँककेसवर ठोकलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार उत्पादकाने हे क्रमांक वाहनावर कोरणे बंधनकारक आहे.

तपासणीपूर्वी त्या जागेवरील तेल, ग्रीस व माती केरोसीनने पुसून काढली जाते. पॉलिश कागद वापरल्यास मूळ खुणा पुसल्या जाऊ शकतात, म्हणून तो टाळला जातो. क्रमांकावर कागद धरून पेन्सिलचा छाप घेण्याची परिवहन कार्यालयातील जुनी पद्धत येथे उपयोगी पडते. डोळ्यांना न दिसणारे चढउतार छापावर स्पष्ट होतात.

### फेरफाराच्या खुणा

* अंकांची खोली, उंची किंवा परस्परांतील अंतर असमान असणे
* त्याच प्रतिरूपाच्या दुसऱ्या अस्सल गाडीवरील अंकांपेक्षा वळण वेगळे असणे
* क्रमांकाखालील धातू घासल्यामुळे पातळ, चकचकीत किंवा किंचित खोलगट दिसणे
* ओतीव धातूचा नैसर्गिक खरखरीतपणा केवळ क्रमांकाच्या जागी नाहीसा होणे
* क्रमांक असलेला तुकडा कापून दुसरीकडे जोडल्याची वेल्डिंगची रेष
* संपूर्ण गाडीचा रंग जुना असताना स्टेअरिंग हेडवर ताजा रंग किंवा लांबी (पुट्टी) असणे

गंजामुळे अस्पष्ट झालेला क्रमांक आणि मुद्दाम पुसलेला क्रमांक यांत फरक आहे. गंजाने धातू अनियमितपणे खाल्लेला असतो, तर कानसीच्या किंवा ग्राइंडरच्या रेषा एका दिशेने जातात. शंका असल्यास अंतिम निर्णय परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षकाच्या प्रत्यक्ष तपासणीवर सोपवला जातो.

### बदललेले इंजिन

जुन्या गाड्यांत इंजिन किंवा क्रँककेस बदललेली असणे सामान्य आहे. दुरुस्तीच्या काळात दुसऱ्या गाडीची केस बसवली गेलेली असते आणि त्यामागे नेहमीच गैरहेतू असतो असे नाही. तथापि अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मान्यतेशिवाय करता येत नाही. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसी बुकात नसल्यास त्या गाडीचे हस्तांतरण अडते.

## कागदपत्रे

### नोंदणी व मालकी

अधिनियमाच्या कलम ४१ नुसार खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते व त्यानंतर ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. नूतनीकरणासाठी नमुना २५ वापरला जातो आणि वाहनाची प्रत्यक्ष तपासणी होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले. पुढील काळात अधिक जुन्या वाहनांच्या शुल्कात आणखी वाढ झाली आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण दीर्घकाळ थकलेले असल्यास मूळ किमतीखेरीज हा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संगणक प्रणालीत गाडीचा क्रमांक टाकल्यास वर्ग, प्रतिरूप, नोंदणीचा दिनांक व वैधता पाहता येते. फार जुन्या गाड्यांच्या नोंदी प्रणालीत चढवलेल्या नसतात. अशा वेळी संबंधित कार्यालयातील मूळ नोंदवहीशी पडताळणी करून घ्यावी लागते. ती नोंद सापडत नाही तोवर हातातील आरसी बुक खरे आहे असे गृहीत धरता येत नाही.

### हस्तांतरणाचे नमुने

* नमुना २९ व ३० – सामान्य विक्रीतील हस्तांतरण. व्यवहारात यांना ‘टीटी फॉर्म’ म्हणतात.
* नमुना २८ – दुसऱ्या नोंदणी कार्यालयाकडे गाडी नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र.
* नमुना ३१ – नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतरण.
* नमुना ३२ – शासकीय लिलावात खरेदी केलेल्या वाहनाचे हस्तांतरण.
* नमुना ३५ – बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा उतरवणे.
* नमुना २६ – हरवलेल्या आरसी बुकाऐवजी दुय्यम प्रत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत वारंवार आढळणारी अडचण म्हणजे मधल्या विक्रींची नोंद न होणे. गाडी चार हातांतून गेलेली असते, परंतु आरसी बुकावर पहिल्या मालकाचेच नाव असते. तो मालक हयात नसेल, तर त्याच्या वारसांच्या संमतीशिवाय नाव चढवता येत नाही. कोऱ्या टीटी फॉर्मवरील जुनी सही या संमतीची जागा घेऊ शकत नाही. १९८० च्या दशकातील कर्जाचा बोजा फिटलेला असूनही पुस्तिकेवर तसाच राहिल्याची उदाहरणेही आढळतात. कर्ज देणारी संस्था बंद किंवा विलीन झालेली असल्यास बोजा उतरवणे वेळखाऊ ठरते.

### लष्करी व लिलावातील वाहने

संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी अधिनियमाच्या कलम ६० अन्वये स्वतंत्रपणे होते आणि त्यांच्या क्रमांकपट्टीवर बाणाची खूण असते. सेवेतून बाद झाल्यावर अशा वाहनाची नागरी नोंदणी करावी लागते. त्यासाठी लिलावाचे कागद, विक्रीपत्र व क्रमांकांचा तपशील यांची साखळी पूर्ण असावी लागते. हिरवा रंग, बाजूच्या लोखंडी पेट्या किंवा बाणाची खूण बाजारात सहज करून मिळतात, म्हणून त्यांना पुराव्याचे मूल्य नसते.

पोलीस ठाण्यांच्या आवारातील बेवारस वाहनांच्या लिलावात काही गाड्या केवळ भंगार म्हणून विकल्या जातात. लिलावाच्या अटींत तसे नमूद असल्यास ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाडीचे सुटे भाग उपयोगी पडू शकतात, परंतु तिची चासी दुसऱ्या गाडीच्या कागदांवर चालवणे हा गुन्हा आहे.

## प्रतिरूपनिहाय खुणा

लूना – सुरुवातीच्या गाड्यांत पायडल हा मूळ रचनेचा भाग होता. पायडल, साखळीवरील आच्छादन व टाकीवरील मूळ चिन्ह शाबूत असलेली गाडी अधिक मूल्याची मानली जाते. पुढील काळात लूनाची अनेक प्रतिरूपे आली. नंतरच्या प्रतिरूपाचे इंजिन व मडगार्ड जुन्या चौकटीवर बसवल्याने गाडीचे वर्ष ठरवताना गोंधळ होऊ शकतो.

यामाहा आरएक्स १०० – एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ ते १९९६ या काळात तयार केलेली ९८ घनसेंमी क्षमतेची दुघाती (टू-स्ट्रोक) मोटारसायकल. मूळ क्रमांकांची सुरुवात ‘१एल१’ अशी इंग्रजी अक्षरांत असते. तिच्या चौकटीत आरएक्स १३५ चे इंजिन बसवण्याचा किंवा आरएक्स १३५ ला आरएक्स १०० चे रूप देण्याचा प्रकार आढळतो. हा बदल सिलिंडरच्या मोजमापाने उघड होतो. आरएक्स १०० चा बोअर व स्ट्रोक प्रत्येकी ५० मिमी आहे, तर आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिमी आहे. ‘मेड इन जपान’ हे शब्द असलेले स्टिकर वा मडगार्ड हा पुरावा नसतो.

राजदूत ३५० – यामाहा आरडी ३५० वर आधारित, ३४७ घनसेंमी क्षमतेची दोन सिलिंडरांची दुघाती मोटारसायकल. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून तिचे उत्पादन केले. ‘हाय टॉर्क’ व ‘लो टॉर्क’ अशा तिच्या दोन आवृत्त्या होत्या आणि पहिलीला अधिक किंमत येते. भारतीय गाडीच्या पुढील चाकाला ड्रम ब्रेक होता. डिस्क ब्रेक बसवलेली गाडी वापरायला सुरक्षित वाटली, तरी ती मूळ स्वरूपातील नसते. काढलेला मूळ ड्रम विक्रेत्याकडे आहे का, हे म्हणून विचारले जाते.

जावा व येझदी – म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावाचे व पुढे येझदी नावाने मोटारसायकलींचे उत्पादन केले. कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. जावाला अधिक किंमत मिळत असल्याने येझदीला जावाची टाकी व चिन्हे लावून विकण्याचा प्रकार होतो. येथे उत्पादन वर्ष, आरसी बुकातील उत्पादकाचे प्रतिरूप-नाव व चासी क्रमांक यांचा मेळ निर्णायक ठरतो.

बुलेट ३५० – मद्रास मोटर्स व इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड यांच्या भागीदारीतून १९५५ साली एनफील्ड इंडिया स्थापन झाली. जुन्या गाड्यांत इंजिन ओतीव लोखंडी सिलिंडरचे असून गियर उजव्या व ब्रेक डाव्या पायाला असतो. दीर्घकाळ रचना फारशी न बदलल्यामुळे वेगवेगळ्या दशकांचे भाग एकमेकांत बसतात. या गाडीत जुळवलेली वाहने ओळखणे त्यामुळे अधिक कठीण असते.

## सुटे भाग व यांत्रिक स्थिती

टाकी व मडगार्डवर चुंबक फिरवल्यास लांबीचा जाड थर असलेल्या जागी तो सैल धरतो. टाकीच्या तोंडातून आतील गंज पाहिला जातो. सीटखाली, टाकीखाली व हेडलाइटच्या वाटीत मूळ रंगाचा अंश शिल्लक राहतो. त्यावरून गाडीचा पहिला रंग कळतो आणि तो आरसी बुकातील रंगाशी ताडून पाहता येतो. मायलमीटरचा आकडा विश्वसनीय मानला जात नाही. त्याऐवजी किकचा व गियरचा पाय, फूटरेस्टचे रबर, ब्रेकच्या खुंट्या यांची झीज आकड्याशी सुसंगत आहे का, हे पाहिले जाते.

दुघाती इंजिनात रिबोअर किती वेळा झाले, हे महत्त्वाचे असते. पिस्टनच्या माथ्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० असा ओव्हरसाइझ आकडा असतो. १.०० मिमी वाढीनंतर आरएक्स १०० ची क्षमता सुमारे १०२ घनसेंमी होते. पुढे सिलिंडरला नवा स्लीव्ह घालावा लागतो. गाडी थंड असताना सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरला जातो. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात रिंगची झीज व सुरू होण्यातील अडचण लपते. तापल्यानंतरही दाट धूर येत राहिल्यास क्रँकचे ऑइल सील गेलेले असण्याची शक्यता असते.

## कायदेशीर परिणाम

माल विक्री अधिनियम, १९३० मधील कलम २७ नुसार विक्रेत्याकडे असलेल्या मालकीहक्कापेक्षा अधिक हक्क सर्वसाधारणपणे खरेदीदाराला मिळत नाही. चोरीची गाडी सद्भावनेने व पूर्ण किंमत देऊन घेतली, तरी ती मूळ मालकाला परत जाते. चोरीची असल्याचे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असूनही ती स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या ‘वाहन समन्वय’ प्रणालीवर चासी व इंजिन क्रमांकांवरून चोरीची नोंद तपासता येते.

नाव न बदलणे विक्रेत्यालाही धोक्याचे असते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निर्णयानुसार, गाडी पुढे विकलेली असली तरी अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत व्यक्तीच मालक मानली जाते.

## व्हिंटेज वाहनांची नोंदणी

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ८१ए ते ८१जी समाविष्ट केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिनात लक्षणीय फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून प्रमाणपत्र १० वर्षे वैध असते. नव्या क्रमांकात राज्य संकेतांकानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदलेल्या वाहनांना जुना क्रमांक कायम ठेवता येतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते.

१९७२ साली नोंदलेल्या लूनाने ही मर्यादा २०२२ मध्ये गाठली. याउलट राजदूत ३५० व आरएक्स १०० यांच्या पहिल्या गाड्या अनुक्रमे २०३३ व २०३५ मध्ये त्यास पात्र ठरतील. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने त्या इतर कोणत्याही जुन्या दुचाकीसारख्याच असून त्यांना दर ५ वर्षांचे नूतनीकरण लागू होते. मूळ स्वरूपाची अट असल्याने आज केलेला फेरफार भविष्यातील पात्रतेवर परिणाम करू शकतो.

## जतन

मूळ रंग, चिन्हे व भाग एकदा काढून टाकल्यावर परत मिळत नाहीत. त्यामुळे पूर्ण रंगकामापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे, काढलेले भाग खुणेसह जपून ठेवणे आणि नव्याने बसवलेल्या भागांची यादी कागदपत्रांसोबत ठेवणे ही प्रथा रूढ होत आहे. पहिल्या खरेदीची पावती, जुना विमा, पंपाच्या व गॅरेजच्या पावत्या आणि मालकाच्या पुस्तिका यांमुळे गाडीचा इतिहास सलग सांगता येतो. पुढील खरेदीदाराची पडताळणी याच कागदांवर अवलंबून असते.

## हे सुद्धा पहा

* लूना (मोपेड)
* काइनेटिक इंजिनिअरिंग
* यामाहा आरएक्स १००
* येझदी
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* अहिल्यानगर जिल्हा